माध्यमिक शाळेतली विद्यार्थी मंडळं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षाच्या सुरुवातीला मंडळांची नावनोंदणी सुरू झाली की बहुतेक तेच प्रश्न येतात. मुलं व्हरांड्यात गाठून विचारतात, पालक सभा संपल्यावर मागे थांबून विचारतात आणि ज्यांच्याकडे पहिल्यांदाच एखादं मंडळ आलं आहे ते सहकारी शिक्षक मधल्या सुट्टीत विचारतात. शाळेतल्या मंडळांचं काम मी बरीच वर्षं पाहते आहे. या काळात माझी काही उत्तरं बदलली. जी अजून पटतात ती इथे लिहिली आहेत.

मंडळ म्हणजे नेमकं काय? वर्गातल्या तासापेक्षा त्यात वेगळं काय असतं?

तासाला काय शिकायचं ते अभ्यासक्रम ठरवतो. मंडळात काय करायचं ते मुलं ठरवतात. मला तरी एवढा एकच फरक महत्त्वाचा वाटतो, बाकीचे त्यातूनच येतात. विज्ञान मंडळात बाईंनी फळ्यावर प्रयोग समजावला आणि मुलांनी तो वहीत उतरवून घेतला, तर तो जादा तास झाला. तीच मुलं मैदानाच्या एका कोपऱ्यात गवत का उगवत नाही हे शोधायला मातीचे नमुने घेऊन बसली, की मंडळ सुरू झालं. मग त्यांचं उत्तर चुकलं तरी चालेल.

ही शाळेनं मुलांना दिलेली सवलत आहे, असं पुष्कळांना वाटतं. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली स्वीकारलेल्या बालहक्क संहितेत मात्र हे हक्क म्हणून लिहिलं आहे. स्वतःशी संबंधित गोष्टींत मत मांडण्याचा हक्क कलम १२ मध्ये आहे, एकत्र येऊन संघटना करण्याचा कलम १५ मध्ये आणि विश्रांती, खेळ व कलेत सहभागाचा कलम ३१ मध्ये. मंडळाचा तास रद्द करून तिथे गणिताची उजळणी घ्यायची सूचना आली की मला ही तीन कलमं आठवतात.

आम्हाला हवं ते मंडळच शाळेत नाही. नवीन कसं सुरू करायचं?

आधी माणसं शोधा, अर्ज नंतर. सूचना फलकावर चिठ्ठी लावून फारसं कोणी येत नाही, समोर जाऊन "गुरुवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबशील का?" असं विचारलं की मुलं येतात. पाच-सहा जण जमले की कोणाचीही औपचारिक मान्यता न मागता, फक्त एखाद्या शिक्षकांना सांगून आणि त्यांच्या देखत, तीन वेळा भेटून पाहा. तिसऱ्या भेटीला पहिल्या भेटीतली निम्म्याहून जास्त मुलं आली, तर मंडळात जीव आहे असं समजा.

त्यानंतर एक पानी निवेदन लिहा. मंडळ काय करणार हे एका वाक्यात आलं पाहिजे. "विद्यार्थ्यांच्या सुप्त गुणांना वाव देणे" हे वाक्य कुठल्याही मंडळाला लागू पडतं, म्हणून ते कामाचं नाही. "महिन्यातून एकदा रात्रीचं आकाशदर्शन आणि दर आठवड्याला त्याची तयारी" हे वाक्य कामाचं आहे. मग वार, वेळ, खोली, लागणारं साहित्य, तयार असलेले शिक्षक आणि सध्याच्या सभासदांची नावं. मुख्याध्यापकांना बहुतेक वेळा दोनच काळज्या असतात: मुलांसोबत मोठं माणूस कोण असेल आणि कार्यक्रम किती वाजता संपेल. त्यांची उत्तरं त्यांनी विचारण्याआधीच कागदावर असू द्या.

पहिल्या अधिकृत सभेत भाषणं ठेवू नका. नियम, पदं, बोधचिन्ह या कशावरही चर्चा नको. दहा मिनिटांच्या आत नवीन आलेल्या मुलाच्या हातात काहीतरी असलं पाहिजे: सोंगट्या, भिंग, माती, नाटकाच्या संहितेचं पान. बोधचिन्हाच्या चर्चेतच संपलेली दोन मंडळं मी पाहिली आहेत.

किमान किती सभासद हवेत?

नियमित येणारे पाच पुरतात. यादीत चाळीस नावं आणि प्रत्यक्षात सात मुलं, अशी यादी ठेवण्यापेक्षा सात नावांची यादी बरी. कामाची आखणी तरी खरी होते.

मला कशातच विशेष गती नाही. मी कुठल्या मंडळात जाऊ?

हा प्रश्न विचारणारी मुलं माझ्या विशेष लक्षात राहतात, कारण पुढे मंडळ टिकवतात ती बरेचदा हीच. ज्याला आधीपासून येतं, तो येत असलेलंच करून दाखवायला येतो. ज्याला येत नाही, तो शिकायला येतो आणि शिकणाऱ्यासाठी मंडळाला दर आठवड्याला नवं काहीतरी शोधावं लागतं.

गती कशात आहे हे बाजूला ठेवा आणि दुसरा एक प्रश्न स्वतःला विचारा: कोणती गोष्ट करताना कंटाळवाणा भागही चालतो? नाटक सगळ्यांना आवडतं. पण एकच प्रवेश बाराव्यांदा करताना ज्याला कंटाळा येत नाही, त्यानं नाट्य मंडळात जावं. पक्षी सगळ्यांनाच छान वाटतात. पहाटे एक तास गप्प उभं राहून फक्त दोन पक्षी दिसले तरी जी खुशीत परत येते, ती निसर्ग मंडळाची. प्रत्येक मंडळात पडद्यामागची कामंही असतात. प्रकाशयोजना, नोंदी, हिशेब, पोस्टर, ध्वनी, पुस्तकांची देवघेव. रंगमंचावर यायची भीती वाटत असेल, तर या दारानं आत या. या कामांना मी कधीच दुय्यम मानलेलं नाही.

दोन-तीन मंडळांत एकदम नाव घालता येतं का?

नाव घालता येतं, काम करता येईलच असं नाही. माझा सल्ला असा: एक मंडळ मनापासून, दुसरं जमेल तसं. तिसरं नको.

पालक विचारतात: मंडळामुळे अभ्यास मागे पडणार नाही का?

पडू शकतो, तास बेहिशेबी वाढले तर. त्यामुळे मी पालकांना आणि मुलांना एकत्र बसवून आठवड्याचे तास मांडायला सांगते आणि त्याची सुरुवात झोपेपासून करते. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी, अशी निद्राविकारांवर काम करणाऱ्या अमेरिकी डॉक्टरांच्या संघटनेची २०१६ सालची शिफारस आहे. झोप, शाळा, प्रवास, जेवणखाण, गृहपाठ एवढं कागदावर मांडून जे उरतं, त्यातच मंडळ बसलं पाहिजे. बसत नसेल तर मंडळाचे तास कमी करा, झोपेचे नको.

मर्यादा घालणं म्हणजे मंडळाला विरोध करणं नव्हे. जपानमधल्या शाळांत मंडळांची परंपरा इतकी भक्कम आहे की मुलं आणि शिक्षक दोघंही थकून जाऊ लागले. तिथल्या सरकारनं २०१८ साली क्रीडा मंडळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: आठवड्यातून किमान दोन दिवस सुट्टी, शाळेच्या दिवशी साधारण दोन तास आणि सुट्टीच्या दिवशी साधारण तीन तास. ही जास्तीत जास्त मर्यादा आहे. आपल्यापैकी बहुतेकांना आठवड्याला दोन-तीन तास भरपूर होतात.

आणखी एक सांगते. गुण कमी झाले की शिक्षा म्हणून मंडळ बंद करू नका. ज्या मुलाचा वर्गात उत्साह मावळलेला असतो, त्याच्यासाठी शाळेत यायचं तेवढंच एक कारण उरलेलं असू शकतं. ते काढून घेतल्यावर गुण वाढल्याचं मी क्वचितच पाहिलं आहे. परीक्षेपुरता पंधरवडा सुट्टी घ्यावी. ती सगळ्यांनी मिळून घ्यावी, म्हणजे कोणाला एकट्याला बाहेर काढल्यासारखं वाटत नाही.

दर आठवड्याला करायचं तरी काय? पहिल्या महिन्यानंतर काही सुचत नाही.

सगळ्यात जास्त मंडळं इथेच अडतात. उपाय बहुतेक वेळा एकच असतो. अनेक आठवडे चालेल आणि प्रत्येक आठवड्याला थोडं पुढे जाईल असं एक काम हवं. सुटे सुटे कार्यक्रम आखत बसलात, की दर आठवड्याला शून्यातून सुरुवात करावी लागते.

आकाशदर्शनाचं घ्या. मुलांना वाटतं, मोठी दुर्बीण आल्याशिवाय काही करता येत नाही. ७×५० किंवा १०×५० अशी साधी द्विनेत्री पुष्कळ काळ पुरते. यातला पहिला आकडा प्रतिमा किती पट मोठी दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. द्विनेत्री भिंतीला किंवा तिपाईला टेकवून स्थिर धरली की गुरूचे चार मोठे चंद्र दिसतात. गॅलिलिओनं जानेवारी १६१० मध्ये ते पाहिले आणि रात्रीमागून रात्री त्यांच्या जागा कागदावर मांडत गेला. आधी त्याला ते तारे वाटले होते. जागा बदलत गेल्या म्हणून ते गुरूभोवती फिरतात हे त्याला उमगलं. मंडळातल्या मुलांनी दहा रात्री आपापल्या घरून गुरूचं असंच रेखाटन केलं आणि सभेत सगळे कागद एकाखाली एक लावले, की काय घडतं ते पाहण्यासारखं असतं. कोणी काही समजावून सांगावं लागत नाही. ढगाळ रात्र आली तर तिथे कोरी ओळ सोडायची, अंदाजानं भरायची नाही. माझ्या मते त्या रिकाम्या ओळीत विज्ञानाचा निम्मा धडा असतो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, त्यामुळे विजेरीवर लाल कागद लावा आणि मोबाइल खिशात ठेवा. सूर्याकडे द्विनेत्रीतून किंवा दुर्बिणीतून कधीही पाहायचं नाही. हा नियम प्रत्येक सभेत मोठ्यानं म्हणा, कितीही वेळा म्हटला असला तरी.

आपल्या नोंदी जगाच्या उपयोगी पडतात हे कळलं की मुलांच्या अक्षरातसुद्धा फरक पडतो. 'ग्लोब अ‍ॅट नाइट' या २००६ पासून चाललेल्या उपक्रमात एखाद्या तारकासमूहातले किती तारे आपल्याला दिसतात हे दिलेल्या नकाशांशी ताडून कळवायचं असतं. त्यातून प्रकाशप्रदूषणाची नोंद होते. पक्ष्यांसाठी 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' १९९८ पासून आहे. फेब्रुवारीतल्या चार दिवसांत कधीही, किमान १५ मिनिटं एका जागी पक्षी मोजायचे आणि यादी पाठवायची. निसर्ग मंडळाला त्याआधीचे तीन महिने तयारीला पुरतात: पहिल्या महिन्यात फक्त पाच पक्षी, पण ते आवाजावरूनही ओळखता आले पाहिजेत.

वादविवाद मंडळात बहुतेकदा तीच चार मुलं बोलतात, बाकीची टाळ्या वाजवतात. हे मोडायचं असेल तर शालेय जागतिक वादविवाद स्पर्धेची पद्धत वापरून पाहा. ही स्पर्धा १९८८ साली ऑस्ट्रेलियात सुरू झाली. एका बाजूला तीन वक्ते, प्रत्येकाला आठ मिनिटं आणि शेवटी दोन्ही बाजूंचं चार मिनिटांचं समारोपाचं भाषण. भाषणाच्या पहिल्या आणि आठव्या मिनिटाला संरक्षण, मधल्या वेळात समोरचा उठून प्रश्न विचारू शकतो. नवशिक्यांसाठी आठाची तीन मिनिटं करा, पण मध्येच उठून विचारायचा हक्क ठेवा. सगळी गंमत त्यात आहे. आणि बाजू चिठ्ठ्या टाकून ठरवा. स्वतःला न पटणारी बाजू प्रामाणिकपणे मांडायला लागणं हा या मंडळाचा सगळ्यात मोठा लाभ आहे. दुसऱ्या दिवशी ते मूल वर्गात वेगळ्या पद्धतीनं ऐकायला लागतं.

अभिरूप संयुक्त राष्ट्रसभेला, म्हणजे मुलांनी एकेका देशाचे प्रतिनिधी होऊन भरवलेल्या सभेला, शेकडो मुलं लागतात, असा समज आहे. सर्वसाधारण सभेत १९३ देश आहेत हे खरं, पण सुरक्षा परिषदेत १५ आहेत आणि ती एका वर्गखोलीत मावते. पाच कायम सभासदांना नकाराधिकार आहे, दहा दोन वर्षांसाठी निवडून येतात आणि ठराव संमत व्हायला नऊ मतं लागतात. नऊ मतं मिळूनही एका नकारानं ठराव पडतो, तेव्हा मुलांचे चेहरे पाहावेत. इतिहासाच्या पुस्तकातली ओळ त्यांना त्या दिवशी समजते.

बुद्धिबळ मंडळाची अडचण हिशेबाची असते. वीस जणांनी प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं म्हटलं तर १९० डाव होतात, म्हणजे अर्धं वर्ष गेलं. स्विस पद्धतीत, जी १८९५ मध्ये ज्यूरिखच्या स्पर्धेत पहिल्यांदा वापरली गेली, प्रत्येक फेरीत समान गुणांच्या खेळाडूंची गाठ घालून देतात आणि कोणीही बाद होत नाही. पाच फेऱ्यांत ५० डावांत काम होतं. बाद पद्धत मंडळात वापरूच नये. पहिल्याच डावात हरलेलं मूल मग तासभर काय करणार?

गणित मंडळाला एक फळा पुरतो. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड १९५९ पासून भरते. त्यात दोन दिवस, रोज साडेचार तासांत तीन प्रश्न असतात. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी दीड तास. वर्गात एका गणिताला पाच मिनिटं मिळणाऱ्या मुलांना हे ऐकून हायसं वाटतं. सोमवारी व्हरांड्यातल्या फळ्यावर एक प्रश्न लिहावा, शुक्रवारपर्यंत कोणीही खाली आपला प्रयत्न लिहावा आणि चुकीचे प्रयत्न पुसू नयेत.

संगणक मंडळात 'स्क्रॅच'पासून, म्हणजे चित्रातले ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायच्या भाषेपासून, सुरुवात करा. ते २००७ पासून सर्वांना मोफत मिळतं. पण दुसऱ्या महिन्यापासून प्रत्येकानं शाळेतल्याच कोणासाठी तरी काहीतरी बनवावं. ग्रंथालयातल्या मावशींना मुदत उलटूनही परत न आलेल्या पुस्तकांची यादी हवी असते, क्रीडाशिक्षकांना सामन्यांचं वेळापत्रक. वापरणारं खरं माणूस समोर असलं की मुलं चुका स्वतःहून शोधायला लागतात.

पदाधिकारी निवडून द्यावेत की शिक्षकांनी नेमावेत?

शिक्षकांनी नेमू नयेत. नेमलेल्या अध्यक्षाला मुलं शिक्षकांचा माणूस समजतात आणि त्यात त्या मुलाचा काही दोष नसतो.

निवडणूकही दरवेळी योग्यच असते असं नाही. लहान मंडळात ती लोकप्रियतेची स्पर्धा होते आणि हरलेले सभेला येईनासे होतात. सूत्रसंचालन, इतिवृत्त, साहित्य, आवराआवर अशा जबाबदाऱ्या दर महिन्याला फिरत्या ठेवाव्यात आणि इच्छुकांमधून चिठ्ठी काढावी, हा मला अधिक आवडलेला मार्ग आहे. प्राचीन अथेन्समध्ये पाचशे जणांचं मंडळ असंच चिठ्ठ्यांनी निवडत आणि एका माणसाला आयुष्यात दोनदाच तिथे बसता येई. मुलांना हे सांगितलं की त्यांना चिठ्ठी काढणं पोरकट वाटत नाही.

फक्त खजिनदार निवडून द्या. मोजकेच पण स्पष्ट नियम ठेवा: गणसंख्या किती, ठराव कसा मांडायचा, अनुमोदन कोणी द्यायचं, मतं कशी मोजायची. इतिवृत्त लिहिताना चर्चा लिहू नका. काय ठरलं, कोणी करायचं आणि कधीपर्यंत, एवढंच लिहा.

मी मार्गदर्शक शिक्षक आहे. मी किती लक्ष घालावं?

खोलीत असावं, पण फळ्याजवळ नसावं.

हे मला चुकूनच शिकायला मिळालं. एका वर्षी भित्तिपत्रकाचा अंक मी रात्री बसून दुरुस्त केला. शुद्धलेखन, मथळे, दोन लेखांची सुरुवातसुद्धा. अंक देखणा झाला, पाहुण्यांनी कौतुक केलं. पुढच्या सभेला संपादिका आली आणि म्हणाली, "बाई, पुढचा अंक पण तुम्हीच करा ना, तुमचा चांगला होतो." तिच्या बोलण्यात राग नव्हता. ते वाक्य अजून माझ्याजवळ आहे. त्यानंतर मी चुकांखाली पेन्सिलीनं फक्त एक टिंब देते. चूक काय आहे ते त्यांनी शोधायचं.

रॉजर हार्ट यांनी युनिसेफसाठी १९९२ साली मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत: मोठ्यांनी मुलांकडून आपलं म्हणणं वदवून घेणं, मुलांना शोभेसाठी उभं करणं आणि नावापुरतं मत विचारणं. शाळेच्या कार्यक्रमात आपण मुलांना कुठे उभं करतो हे या शिडीवर एकदा तपासून पाहावं. सगळ्यात वरच्या पायरीवर मुलांनी सुरू केलेलं आणि निर्णयात मोठ्यांना सोबत घेतलेलं काम आहे. म्हणजे मोठ्यांनी निघून जायचं नाही. मुलांनी बोलावल्यावर हजर असायचं.

तीन बाबतींत मात्र मी थेट हस्तक्षेप करते: सुरक्षितता, पैसा आणि कोणाचा तरी अपमान. बाकी पोस्टर वाकडं लागलं, पाहुण्यांचं नाव चुकलं, कार्यक्रम वीस मिनिटं उशिरा सुरू झाला, तर होऊ द्यावं.

वर्गणी घ्यावी का? पैशांची व्यवस्था कशी ठेवावी?

शक्यतो घेऊ नये. वर्गणी कितीही थोडी असली तरी कोणीतरी एक मूल त्यामुळे नाव घालत नाही आणि कारण कधीच सांगत नाही. आधी शाळेतलं पडून असलेलं साहित्य शोधा. प्रयोगशाळेच्या कपाटात आणि माळ्यावर पुष्कळ सापडतं. पैसा जमा करावाच लागला, तर तो कोणा एकाच्या दप्तरात राहू नये. शाळेच्या खात्यात जावा, दर खर्चाची पावती वहीत चिकटवावी आणि दर महिन्याला खजिनदारानं जमाखर्च सभेत मोठ्यानं वाचावा. मुलांवर अविश्वास आहे म्हणून हे सांगत नाही. हिशेब उघडा असला की कोणावर आळ येत नाही.

आम्हाला एक छापील नाटक बसवायचं आहे. तसंच बसवलं तर चालतं का?

लेखकाची किंवा हक्कधारकाची परवानगी लागते का, हे आधी पाहा. लेखकांच्या हक्कांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराप्रमाणे, जो १८८६ सालचा आहे, लेखकाच्या हयातीनंतर किमान ५० वर्षं हक्क टिकतात. अनेक देशांत हा काळ याहून मोठा आहे. शाळांतल्या प्रयोगांना काही ठिकाणी सवलत असते, म्हणून आपल्या देशाचा नियम शिक्षकांकडून तपासून घ्या. परवानगीचं पत्र मुलांनीच लिहावं. लेखकांना मुलांच्या पत्रांचं अप्रूप असतं, आणि उत्तर आलं तर ते मंडळाच्या वहीत कायमचं राहतं. नाहीतर स्वतः लिहा. मुलांनी लिहिलेलं कच्चं नाटक मला घासूनपुसून केलेल्या प्रयोगाहून जवळचं वाटतं.

फोटो, मोबाइलवरचे गट, सहली: काय काळजी घ्यायची?

मुलामुलींचे फोटो प्रसिद्ध करण्याआधी त्यांची आणि पालकांची लेखी संमती घ्या. संमती न देणाऱ्याला कारण विचारू नका. मंडळाचा संदेशगट असेल तर त्यात किमान दोन शिक्षक असावेत आणि कोणत्याही शिक्षकानं एखाद्या विद्यार्थ्याशी खासगीत वेगळा संवाद ठेवू नये. सभा जिथे सहज कोणी डोकावू शकेल अशा खोलीत घ्या. बाहेर जाताना पालकांचं संमतीपत्र, औषधांची आणि अ‍ॅलर्जीची माहिती, किमान दोन मोठी माणसं आणि निघताना, पोहोचल्यावर, परतताना अशी तीनदा मोजणी.

मंडळात एक गट तयार झाला आहे आणि बाकीच्यांना परकं वाटतं. काय करावं?

जोड्या चिठ्ठीनं पाडा आणि दर सभेला बदला. बसायची मांडणी गोल करा. नव्या मुलाला जुन्यांचे विनोद समजावून सांगायची जबाबदारी एका सभासदाला द्या. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण परकेपणा तिथूनच सुरू होतो. आणि जे यायचे बंद झाले आहेत त्यांना भेटून विचारा. "का येत नाहीस?" असं विचारलं तर मुलं "वेळ नाही" म्हणतात. "काय असतं तर आली असतीस?" असं विचारून पाहा.

स्पर्धांत भाग घेणं आवश्यक आहे का?

नाही. वर्षातून एखादी स्पर्धा मंडळाला टोक आणते. पाच झाल्या की मंडळ संघ बनतं आणि निवड न झालेली मुलं गळतात.

सेवाकार्य करणाऱ्या मंडळानं कशापासून सुरुवात करावी?

ज्यांच्यासाठी काम करायचं आहे त्यांना विचारण्यापासून. मुलं आधी रद्दी गोळा करतात, खेळणी गोळा करतात, आणि ती कोणाला हवी होती का, हे नंतर कळतं. रोटरीच्या 'इंटरॅक्ट' क्लबांकडून, जे १९६२ साली सुरू झाले आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी आहेत, वर्षाला दोन प्रकल्पांची अपेक्षा असते: एक शाळेसाठी किंवा आपल्या समाजासाठी, दुसरा इतर देशांबद्दलची समज वाढवणारा. दोनच. मला हा आकडा शहाणपणाचा वाटतो. एकाच वृद्धाश्रमात वर्षभर दर पंधरवड्याला जाऊन पेपर वाचून दाखवणं हे सहा ठिकाणी एकेकदा फोटो काढून येण्यापेक्षा पुष्कळ मोठं काम आहे, कारण तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर तिथली माणसं वाट पाहायला लागतात.

प्रमाणपत्र मिळतं का?

बऱ्याच शाळा देतात. त्यावर "सक्रिय सहभाग" लिहिण्यापेक्षा विद्यार्थ्यानं नेमकं काय केलं ते एका ओळीत लिहावं, असा माझा आग्रह असतो: "दहा रात्री गुरूचं निरीक्षण केलं", "दोन प्रयोगांची प्रकाशयोजना सांभाळली". पुढे कुठे अर्ज करायची वेळ आली तर हीच ओळ त्यांना बोलायला आधार देते.

शेवटच्या वर्षाची मुलं शाळा सोडून गेली की मंडळ बंद पडतं. हे कसं टाळायचं?

आमचं एक चांगलं चाललेलं मंडळ असंच थांबलं. त्याचा अध्यक्ष अतिशय कष्टाळू होता आणि सगळं स्वतः करायचा. कोणत्या शिक्षकांशी बोलायचं, कोणती रात्र निवडायची, कपाटाची किल्ली कुठे असते, सगळं त्याच्या डोक्यात. तो गेला आणि त्याच्याबरोबर मंडळही गेलं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की दुसऱ्याला शिकवणं हेही अध्यक्षाचं काम आहे. ते मी सांगायला हवं होतं.

तेव्हापासून आमच्याकडे वर्षाचे शेवटचे दोन महिने मोठी मुलं काहीच चालवत नाहीत. धाकटी चालवतात, मोठी शेजारी बसतात. शिवाय मंडळाची एक वही असते. त्यात काय केलं यापेक्षा काय फसलं ते जास्त असावं: कोणत्या महिन्यात ढगांमुळे तीन कार्यक्रम रद्द झाले, कोणती खोली घेतली तर शेजारच्या वर्गाचा आवाज येतो, पाहुण्यांना किती दिवस आधी पत्र द्यावं लागतं. प्रत्येक जाणाऱ्या सभासदानं निदान एक पान स्वतःच्या हातानं लिहून जावं.

सगळं करूनही कोणी येत नाही. मंडळ बंद करायचं का?

एक महिना थांबून, उरलेल्यांना विचारून, मग करा. बंद होणं हे अपयश नाही. ज्यांनी ते सुरू केलं त्यांचं कुतूहल दुसरीकडे वळलेलं असू शकतं आणि त्यांना तो अधिकार आहे. पण नीट बंद करा. शेवटची सभा बोलवा, उरलेले पैसे कुठे जातील ते ठरवा, उसनं आणलेलं साहित्य परत करा, मदत केलेल्यांना पत्र लिहा. वही ग्रंथालयात द्या आणि तिच्या शेवटच्या पानावर तारीख, हजर असलेल्यांची नावं आणि द्विनेत्रीच्या पेटीची किल्ली आता कोणाकडे आहे, ते लिहून ठेवा.